स्वस्त तिकीट आणि वैमानिकाची झोप

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखालून उल्हास नदीची खाडी ओलांडली की भिवंडी तालुक्याच्या हद्दीत प्रथम लागणारे मोठे गाव म्हणजे कोन. एका अंगास कल्याणची वस्ती, दुसऱ्या अंगास भिवंडीचे यंत्रमाग आणि गोदामे, आणि मधून अहोरात्र वाहणारा मालमोटारींचा रस्ता. या गावास झोपेचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. रात्रभर गाडी हाकून आलेला चालक गोदामाच्या दारी आपला क्रमांक लागेपर्यंत गाडीच्या सावलीत चटई टाकून पडतो, आणि त्याला हाक मारून उठवणारा मनुष्य पहिल्या हाकेनंतर क्षणभर थांबतो. कारण गाढ झोपेतून उठलेल्या माणसाच्या हाती लगेच चाक देऊ नये, हे अनुभवाने सर्वांस ठाऊक आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसास ८ तास आणि आठवड्यास ४८ तास असे बांधून दिले. तो कायदा कागदावरून रस्त्यावर कितपत उतरला, हे रस्त्याकडेच्या चहावाल्याइतके निरीक्षकासही ठाऊक नसेल.

याच रस्त्यावर उभे राहून रात्री वर पाहिले तर मुंबईकडे उतरू लागलेल्या विमानांचे दिवे दिसतात. त्या विमानांत आता केवळ धनिक बसत नाहीत. भिवंडीचा कापडाचा अडत्या, कल्याणचा कारकून, आखातातून सुटीवर परतणारा कामगार, असे सारेच त्यांत असतात. आणि त्यांपैकी बहुतेकांनी स्वस्त भाड्याच्या कंपनीचे तिकीट काढलेले असते. खाली मालमोटार हाकणाऱ्याच्या झोपेविषयी जो प्रश्न विचारावयाचा, तोच वर बसलेल्या वैमानिकाविषयी विचारावा लागेल, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. वैमानिक म्हटला की कडक इस्त्रीचा गणवेश, खांद्यावरील सोनेरी पट्टे आणि भरघोस पगार एवढेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ते चित्र खोटे नाही. अपुरे मात्र आहे. वैमानिकाची रात्र कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आपल्या देशात विमान वाहतुकीइतकाच जुना आहे.

प्रारंभी तो प्रश्नच नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून पस मॉथ जातीचे लहानसे विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या जुहूच्या मैदानावर आणून उतरवल्या. तेथून पुढे बल्लारीमार्गे मद्रासपर्यंत ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. या दोघांखेरीज होमी भरुचा हे एक पूर्णवेळ वैमानिक, तीन यांत्रिक आणि दोन विमाने, एवढाच त्या कंपनीचा संसार होता. पहिल्या वर्षात सारे मिळून १५५ प्रवासी गेले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते, धावपट्टीवर दिवे नव्हते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली गेले की सारा कारभार पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. असा वैमानिक जिवावर उदार होऊनच उडत असे. परंतु सूर्य मावळला की त्याचे काम संपे. रात्र त्याची स्वतःची होती, कारण ती दुसऱ्या कोणाच्याच उपयोगाची नव्हती.

ती उपयोगाची कशी झाली, याची कथा नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर घडली. महायुद्ध संपल्यावर लष्कराची डाकोटा विमाने स्वस्तात विकली जाऊ लागली, तेव्हा ज्याला त्याला विमान कंपनी काढण्याची हौस उत्पन्न झाली. सरकारने परवानेही सढळ हाताने दिले. विमाने पुष्कळ, वैमानिक पुष्कळ आणि प्रवासी थोडे, अशा स्थितीत ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांहून चार विमाने रात्री निघावयाची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र यावयाची, थैल्यांची अदलाबदल करावयाची आणि उजाडण्याच्या सुमारास आपापल्या गावी परतावयाचे. योजना इतकी सुबक होती की तिचे कौतुक झाल्यावाचून राहिले नाही. संध्याकाळी गिरगावात पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत वाचले जाई. त्या पत्राच्या पाठीमागे रात्रभर जागलेली दोन माणसे आहेत, याची आठवण मात्र विरळाच कोणास होत असेल. १९५३ च्या डिसेंबरात या रात्रटपालीचे एक डाकोटा नागपूरहून निघताच कोसळले आणि १३ जण प्राणास मुकले. वाचला तो एकटा वैमानिक.

कंपन्यांची ती दाटी फार काळ टिकणार नव्हती. १९५० मध्ये सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली हवाई वाहतुकीची चौकशी करविली. इतक्या कंपन्या पोसता येतील एवढी वाहतूक देशात नाही, असा या समितीच्या अहवालाचा स्पष्ट निर्वाळा होता. भाडे परवडत नाही म्हणून प्रवासी नाहीत, प्रवासी नाहीत म्हणून उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही म्हणून खर्चाला कात्री, असे ते चक्र होते. न्यायमूर्तींच्या त्या अहवालाची पाने आज पुन्हा चाळणाऱ्यास एकविसाव्या शतकाचे वर्तमानपत्र हाती आल्याचा भास होईल. पुढे १ ऑगस्ट १९५३ पासून राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स बनली.

त्यानंतरची चाळीस वर्षे वैमानिकाच्या दृष्टीने सरकारी नोकरीची वर्षे होती. बढती ज्येष्ठतेने, डाव्या आसनावर, म्हणजे कप्तानाच्या जागी, बसण्यास दीर्घ काळ लागे, पण नोकरी जाण्याची धास्ती नसे. संघटना बलवान होत्या, संप आणि टाळेबंदी हे नित्याचे प्रसंग होते, आणि प्रवाशांचा रोष दोन्ही पक्षांवर सारखाच असे. याच काळात, १९८५ मध्ये, कप्तान सौदामिनी देशमुख यांनी केवळ स्त्री कर्मचारी असलेले फोकर विमान कलकत्त्याहून सिल्चरला नेले, हेही नमूद केले पाहिजे. १९९४ मध्ये हवाई महामंडळांचा कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांस रीतसर दार उघडले.

खरा पालट झाला तो २००३ च्या ऑगस्टमध्ये, कप्तान जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने बंगळूरहून उड्डाणे सुरू केली तेव्हा. मागोमाग २००५ मध्ये स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेस आणि मुंबईची गोएअर, २००६ मध्ये इंडिगो. या कंपन्यांनी भाडे उतरवले ते कोणत्या गणिताने, हे भिवंडीच्या यंत्रमागवाल्यास चटकन उमगेल. माग उभा राहिला की धंदा बुडाला. विमान जमिनीवर उभे राहिले की तसेच. म्हणून सारी विमाने एकाच जातीची घ्यावयाची, म्हणजे सुटे भाग एक, शिक्षण एक आणि कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर चालतो; उतरलेले विमान अर्ध्या तासाच्या आत पुन्हा हवेत न्यावयाचे; आणि पहिले उड्डाण पहाटे, शेवटचे मध्यरात्री ठेवावयाचे. अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीने टेक्सास प्रांतात १९७१ पासून हाच मार्ग घालून दिला होता.

या गणितात इंधनाचा भाव कंपनीच्या हाती नसतो, विमानाचे भाडे करारात बांधलेले असते, विमानतळाचे शुल्क दुसराच कोणी ठरवतो. हाती उरतात ते माणसांचे तास. वैमानिकाच्या पगाराचा एक भाग निश्चित आणि दुसरा प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांवर अवलंबून, अशी रीत सर्वत्र आहे. वर्षास १००० तासांपलीकडे त्याने उडू नये, असे बंधन आहे. नवख्यास वाटेल, वर्षास १००० तास म्हणजे दिवसास तीन तासही नव्हेत. मग तक्रार कसली? परंतु उड्डाणाचा तास चाके फिरू लागल्यापासून मोजावयाचा. घरून निघणे, तासभर आधी हजर होणे, हवामान व इंधनाची कागदपत्रे पाहणे, दोन उड्डाणांमधले थांबणे, धुके पडले तर बसून राहणे, आणि मुक्कामाच्या गावी हॉटेलात अवेळी झोपण्याचा प्रयत्न करणे, हे त्यात येत नाही. दिवसाला चार उड्डाणे म्हणजे चार वेळा उतरणे, आणि उतरणे हाच या कामातील सर्वांत कस पाहणारा भाग.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. स्वस्त भाड्याच्या कंपन्या निघाल्या नसत्या तर आज उडणाऱ्या हजारो तरुण-तरुणींना विमानाची पायरीही चढता आली नसती. जुन्या महामंडळात केस पिकू लागेपर्यंत न मिळणारे कप्तानपद या कंपन्यांत तिशीच्या आतबाहेर मिळू लागले. विमाने शेकड्यांनी मागवली गेली, तेव्हा कप्तान मिळेनात म्हणून परदेशातून बोलवावे लागले. अशा बाजारात पगार चढले, आणि मध्यमवर्गीय घरांतून या व्यवसायाकडे ओढा लागला.

मात्र त्या दारापर्यंत पोचण्याचा खर्च आता घराण्यावर पडतो. बारावीला गणित व पदार्थविज्ञान, कठोर वैद्यकीय तपासणी, आणि परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण. बारामती, धुळे, गोंदिया, जळगाव, नागपूर येथे अशा शिक्षणाची सोय आहे. परवान्यानंतर ज्या जातीचे विमान चालवावयाचे त्याचे वेगळे शिक्षण. सारे मिळून अर्धा कोटी ते एक कोटी रुपये लागतात, आणि नोकरीची हमी त्यात असतेच असे नाही. मुलाच्या शिक्षणासाठी कल्याणची सदनिका गहाण टाकणाऱ्या पालकाने हे ध्यानी घ्यावे की, कर्जाचा पहिला हप्ता सुरू होतो त्या दिवशी मुलाच्या हाती कदाचित परवाना असेल, विमान नसेल. असा कर्जबाजारी तरुण नोकरीत शिरला की ‘आज थकलो आहे, उडणार नाही’ असे म्हणण्याचे बळ त्याच्या अंगी किती उरत असेल? नियमाने तसे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे, नव्हे, ते त्याचे कर्तव्यच आहे. पण हप्ता आणि कर्तव्य यांची गाठ पडते तेथे नियमपुस्तक फारसे उपयोगी पडत नाही.

थकव्याची ही गोष्ट काल्पनिक नाही, हे २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे दिसले. दुबईहून मध्यरात्रीनंतर निघालेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान पहाटे सहाच्या सुमारास उतरताना टेकडीवरील धावपट्टी संपवून दरीत गेले. १६६ जणांपैकी १५८ मृत्यू पावले. चौकशी करणाऱ्या न्यायसभेचे प्रमुख होते वायुदलाचे निवृत्त उपप्रमुख, एअर मार्शल भूषण गोखले. ध्वनिमुद्रकात त्यांना आढळले ते असे की, प्रवासातील सुमारे एक तास चाळीस मिनिटे कप्तान झोपेत होता. उतरण्यापूर्वी तो जागा झाला. पण मनुष्य जागा होतो तेव्हा त्याची बुद्धी त्याच क्षणी जागी होत नाही. या अवस्थेस निद्राजडत्व म्हणावे. सहवैमानिकाने तीनदा विमान पुन्हा वर नेण्यास सांगितले. ऐकले गेले नाही. अपघाताचे मुख्य कारण कप्तानाचा निर्णय हेच अहवालाने ठरवले, आणि कंपनीने त्याला राबवून घेतले असे त्यात म्हटलेले नाही. म्हणूनच त्यातील बोध अधिक खोल आहे: प्रश्न किती तास काम केले एवढाच नसून ते तास घड्याळाच्या कोणत्या भागात पडले, हाही आहे. पहाटेच्या ज्या प्रहरी माणसाचे शरीर सर्वांत मंद असते, त्याच प्रहरी त्याच्याकडून सर्वांत अचूक हालचालीची अपेक्षा केली जात होती. कोनच्या रस्त्यावरील माणूस चालकाला उठवून क्षणभर थांबतो, तो क्षण त्या विमानात कोणापाशी नव्हता.

याच वर्षांत एक न्यायालयीन प्रकरण चालू होते, ज्याची आठवण आज फार थोड्यांना असेल. जुलै २००७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे, अधिक उदार नियम काढले. ते लागू झाले तर वैमानिक अपुरे पडतील, उड्डाणे रद्द करावी लागतील, अशी कंपन्यांनी ओरड केली. मे २००८ मध्ये ते नियम स्थगित झाले आणि १९९२ चे जुने परिपत्रक पुन्हा गादीवर बसले. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेल्या; मे २०११ मध्ये त्यांची अपिले फेटाळली गेली. जो अधिकारी नियम करू शकतो तो थांबवूही शकतो, हा त्या निकालाचा कायदेशीर आशय. नवे नियम अखेर २०११ च्या ऑगस्टमध्ये आले.

दुसरी दुर्घटना त्याच कंपनीची, आणि मराठी मनास अधिक जवळची. ७ ऑगस्ट २०२० रोजी, महामारीच्या दिवसांत, दुबईत अडकलेल्यांना घेऊन आलेले विमान कोझिकोडच्या धावपट्टीपलीकडे कोसळले. कप्तान होते दीपक साठे; प्रबोधिनीतील शिक्षण, वायुदलात विंग कमांडर, आणि नंतर नागरी विमान सेवा. सहवैमानिक अखिलेश कुमार आणि ते धरून २१ जण गेले. पावसाळी अंधारात, पाठीमागून वारा असताना, ८८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर विमानाची चाके टेकली ती ४४३८ फुटांवर, म्हणजे मध्यावरच. २०२१ च्या अहवालाने ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याचा दोष वैमानिकावर ठेवला. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कप्तानास न्यावयाचे होते. तेव्हा विमान दुसरीकडे न वळवता कोझिकोडलाच उतरावे, याची ओढ त्यांना असावी, असे अहवाल म्हणतो. आणि ती ओढ कशामुळे? कोझिकोडच्या ठाण्यावर २६ सहवैमानिक नेमलेले असताना कप्तान होता अवघा एक. कंपनीच्या नेमणुकीच्या या धोरणास अहवालाने सदोष म्हटले आहे. एका अनुभवी माणसाच्या हातून अखेरच्या मिनिटांत झालेल्या चुकीचे एक टोक असे कचेरीतील तक्त्यापर्यंत जाऊन पोचते.

व्यवसायाच्या स्थैर्याविषयी थोडक्यात सांगता येईल. एअर डेक्कन ज्या किंगफिशरमध्ये विलीन झाली ती २०१२ मध्ये वैमानिकांचे पगार थकवून बंद पडली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. गोएअर, जिने नंतर गो फर्स्ट हे नाव घेतले, ती मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी शेकडो वैमानिक एकदम बाजारात आले, आणि ज्येष्ठता शून्यापासून सुरू झाली. कारण एका कंपनीतील ज्येष्ठतेस दुसऱ्या कंपनीत किंमत नसते. उलट वैमानिकास सोडून जावयाचे असेल, तर २०१७ च्या नियमाने कप्तानास एक वर्षाची आणि सहवैमानिकास सहा महिन्यांची पूर्वसूचना देणे भाग पडले. २०२३ च्या सप्टेंबरात मुंबईच्या अकासा एअरने, पूर्वसूचना पुरी न करता चाळीसहून अधिक वैमानिक निघून गेले म्हणून, मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. कंपनीची बाजू निराधार नव्हती. वैमानिक अचानक गेले की उड्डाणे रद्द होतात आणि प्रवासी ताटकळतात. परंतु कंपनी एका रात्रीत बंद पडू शकते आणि वैमानिक मात्र वर्षभर बांधलेला, हा तराजू सरळ आहे असे म्हणवत नाही.

मग जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयाने विश्रांतीचे नियम पुन्हा नव्याने लिहिले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीची व्याख्या मध्यरात्रीपासून पहाटे पाचऐवजी सहापर्यंत. आणि रात्रीच्या पाळीत जेथे सहा वेळा उतरता येत असे तेथे दोनच वेळा. १ जून २०२४ हा मुहूर्त ठरला होता. तो पुढे ढकलला गेला. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर दोन टप्पे ठरले: १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. कंपन्यांच्या हाती जवळजवळ दोन वर्षे होती.

डिसेंबर उजाडला तेव्हा, देशातील निम्म्याहून अधिक प्रवासी वाहणाऱ्या इंडिगोपाशी नव्या नियमांप्रमाणे पुरतील इतके वैमानिक नाहीत, हे उघड झाले. ५ डिसेंबर २०२५ या एका दिवशी तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर येथे लग्नाची, परीक्षेची, उपचारांची माणसे सामानावर डोके टेकून जमिनीवर निजली. नियोजन चुकल्याचे कंपनीने कबूल केले. त्याच दिवशी महासंचालनालयाने साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये हा नियम मागे घेतला, आणि रात्रीच्या उतरण्यांच्या बंधनातून त्या एका कंपनीस १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. २००८ मध्ये जे भय दाखवले गेले होते ते २०२५ मध्ये प्रत्यक्ष घडले, आणि दोन्ही वेळा माघार घेतली ती विश्रांतीने. वैमानिकांच्या संघटनांनी हरकत नोंदवली. जमिनीवर निजलेल्या प्रवाशास मात्र त्या वेळी घरी पोचावयाचे होते, आणि त्याला दोष देता येणार नाही.

त्याच डिसेंबरच्या २५ तारखेस नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. खाडीपलीकडे नेवाळीस महायुद्धकालीन धावपट्टी पडीक असल्याने कोन-कल्याणच्या लोकांना आजवर सांताक्रूझच गाठावे लागे. आता दुसरी वाट झाली. या नव्या विमानतळाचा प्रारंभीचा कार्यक्रम सकाळी ८ पासून रात्री ८ पर्यंतचाच आखलेला होता. रात्री तेथे विमान उतरावयाचे नव्हते. चोवीस तासांचे वेळापत्रक फेब्रुवारी २०२६ पासून सुरू करण्याचे जाहीर झाले होते. इंडिगोची सूट संपण्याचा महिनाही तोच.